मंगोल सत्ता, यूरोपातील

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात मंगोलांनी पूर्व यूरोपमध्ये प्रस्थापित केलेली व सु. अडीचशे वर्षे टिकलेली सत्ता. १२४१ मध्ये मंगोल सैन्याने पोलंड व हंगेरी ही राज्ये पादाक्रांत केली. परंतु पुढच्याच वर्षी ते मध्य यूरोप सोडून व्होल्गाच्या खोऱ्यात परतले. ही माघार घडली नसती, तर यूरोपच्या इतिहासाला कोणते वळण लागले असते, हा प्रश्न इतिहासकारांप्रमाणेच सर्वसामान्य जिज्ञासूंनाही दीर्घकाळ आकर्षित करीत आला आहे. त्याची चर्चा करताना एक गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. मंगोल हंगेरीतून गेले. यूरोपमधून गेले नाहीत. नीपर नदीपासून उरल पर्वतापर्यंतच्या विस्तीर्ण प्रदेशात त्यांचे वर्चस्व पिढ्यान्‌पिढ्या टिकले. म्हणून प्रस्तुत नोंदीत या प्रत्यक्ष सत्तेचे स्वरूप प्रथम पाहून, त्याच्या आधारे न घडलेल्या इतिहासाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : १२०६ मध्ये भरलेल्या कुरुलताई या सरदारांच्या महासभेत तेमुजिन याने चंगीझखान ही पदवी धारण केली व मंगोलियातील भटक्या जमाती एका शासनाखाली आणल्या. ख्वारिज्मच्या राज्याचा पाडाव केल्यानंतर त्याचे जेबे व सुबुताई हे सेनापती कॉकेशस ओलांडून दक्षिण रशियातील गवताळ प्रदेशात उतरले आणि १२२३ मध्ये कालका नदीकाठी त्यांनी रशियन राजे व किपचाक (कुमान) टोळ्या यांच्या संयुक्त सैन्याचा धुव्वा उडविला. ही केवळ टेहळणीची मोहीम होती. विजयानंतर मंगोल आले तसे निघून गेले. चंगीझखान १२२७ मध्ये मरण पावला. त्याचा वारस ओगोताई (कार. १२२९–४१) याने १२३५ च्या कुरुलताईत पश्चिमेकडील मोहिमेचा निर्णय घेतला. चंगीझखानाचा थोरला मुलगा जोची याच्या वाट्याला साम्राज्याचा पश्चिम भाग आला होता. त्यामुळे मोहिमेचे नेतृत्व जोचीचा मुलगा बातूखान याच्याकडे गेले. युद्धाची प्रत्यक्ष आखणी अनुभवी सुबुताईची होती. गुयुक, मोंगके, कादान इ. राजपुत्रही आपापल्या पथकांसह मोहिमेत सामील झाले.

यूरोपवरील स्वारी : १२३६ मध्ये व्होल्गाकाठचे बल्गार राज्य जिंकून मंगोलांनी १२३७ च्या हिवाळ्यात रशियात प्रवेश केला. रशिया त्या वेळी अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता आणि त्यांच्यात एकी नव्हती. रियाझान, मॉस्को, व्लादिमिर ही शहरे एकामागून एक पडली व मार्च १२३८ मध्ये सित नदीच्या लढाईत व्लादिमिरचा राजा दुसरा यूरी मारला गेला. गोठलेल्या नद्या हेच आक्रमकांचे रस्ते होते. बर्फ वितळून दलदल माजण्याच्या सुमारास नॉव्हगोरॉडकडे निघालेले सैन्य मागे वळले आणि ते शहर बचावले. डिसेंबर १२४० मध्ये कीव्हचा पाडाव झाला. पाच-सहा वर्षांनंतर त्या मार्गाने गेलेला पोपचा दूत कार्पिनी याला या एकेकाळच्या वैभवशाली राजधानीत जेमतेम दोनशे घरे उभी दिसली.

या स्वारीचा धसका पश्चिम यूरोपने आधीच घेतला होता. मॅथ्यू पॅरिस या इंग्रज इतिवृत्तकाराने दिलेल्या माहितीनुसार १२३८ मध्ये मंगोलांच्या भीतीमुळे बाल्टिक व फ्रिझिया भागांतील व्यापारी इंग्लंडच्या यार्मथ बंदरात आले नाहीत आणि त्यामुळे तेथे हेरिंग मासे मातीमोल भावाने विकले गेले. तरीही संयुक्त प्रतिकाराची सिद्धता झाली नाही. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रीड्रिख व पोप नववा ग्रेगरी हे परस्परांशी झगडण्यात गुंतले होते.

१२४१ च्या वसंतात मंगोलांनी अनेक दिशांनी मध्य यूरोपात मुसंडी मारली. उत्तरेकडील तुकडीने क्रॅको जाळले व ९ एप्रिल रोजी लेग्निट्सा येथे सायलीशियाचा ड्यूक दुसरा हेन्री याचा पराभव करून त्यास ठार केले. दोनच दिवसांनी, ११ एप्रिल रोजी, बातू व सुबुताई यांनी शायो नदीकाठी मोही येथे हंगेरीचा राजा चौथा बेला (कार. १२३५–७०) याच्या सैन्याची दाणादाण उडविली. मंगोलांपुढून पळून आलेल्या कुमानांना बेलाने आश्रय दिला होता; परंतु त्यांच्याविषयीच्या संशयातून पेस्ट येथे त्यांचा प्रमुख कोतेन याचा वध झाला आणि चिडलेले कुमान ऐन वेळी हंगेरी लुटत दक्षिणेकडे निघून गेले. पराभूत बेला ऑस्ट्रियात गेला, तेव्हा तेथील ड्यूकने त्याला आसरा देण्याऐवजी त्याच्याकडून पैसा व सीमेवरील परगणे उकळले. हिवाळ्यात डॅन्यूब नदी गोठताच मंगोल पलीकडे गेले. एस्तरगोम शहर जळाले, पण त्याची गढी पडली नाही; सेकेशफेहेरव्हार व पॅनोनहाल्मा ही ठिकाणेही टिकली. कादानने बेलाचा पाठलाग ॲड्रिॲटिक समुद्रापर्यंत केला. परंतु राजा त्रोगीरच्या आश्रयाने निसटला. १२४२ मध्ये बॉस्निया, सर्बिया व बल्गेरिया या मार्गांनी मंगोल सैन्य पूर्वेस परतले.

माघारीची कारणे : माघारीचे सर्वपरिचित कारण म्हणजे ओगोताईचा मृत्यू. तो ११ डिसेंबर १२४१ रोजी मरण पावला व नव्या खानाच्या निवडीसाठी राजपुत्रांना परतणे भाग पडले, असे कार्पिनीने नमूद केले आहे. उलट, माघारीच्या वेळी मंगोलांना ही वार्ता कळलीच नव्हती, असे इराणी इतिहासकार रशीदुद्दीन याच्या वृत्तांतावरून दिसते. बातू स्वतः निवडीसाठी मंगोलियास गेला नाही. तो व्होल्गाकाठीच थांबला. गुयुक व बातू यांचे मोहिमेतच कडाक्याचे भांडण झाले होते. त्यामुळे गुयुक खान होण्याची शक्यता दिसताच आपल्या प्रदेशाजवळ सैन्य ठेवणे बातूला आवश्यक वाटले असावे.

इतर कारणेही सुचविली गेली आहेत. प्रत्येक मंगोल स्वारापाशी अनेक घोडी असत व ती चराईवर जगत. हंगेरीचे मैदान मोठे असले, तरी अशा सैन्यास ते कायमचे पोसू शकत नव्हते, असे डेनिस सायनॉर या इतिहासकाराचे प्रतिपादन आहे. वृक्षांच्या वार्षिक वलयांच्या आधारे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार १२४२ च्या प्रारंभी हंगेरीतील हवामान थंड व ओले होते. त्यामुळे मैदानात दलदल माजून चारा दुर्मिळ झाला असावा. या मतावर आक्षेपही घेतले गेले आहेत. दगडी किल्ल्यांचा प्रतिकार व अनेक वर्षांच्या सलग मोहिमेत झालेली हानी यांचाही विचार करावा लागतो.

ही सर्व कारणे १२४२ च्या माघारीची आहेत. मंगोल नंतर परत का आले नाहीत, हा याहून महत्त्वाचा प्रश्न होय. हंगेरीवर पुढची मोठी स्वारी १२८५ मध्ये, म्हणजे चार दशकांनंतर झाली आणि ती फसली. मधल्या काळात बेलाने कुमानांना परत बोलाविले, सरदारांना व धर्मसंघांना दगडी किल्ले बांधण्यास उत्तेजन दिले आणि पेस्टच्या रहिवाशांना बूडाच्या टेकडीवर तटबंदीच्या आत वसविले. मंगोलांकडे पाहिल्यास कारण अधिक स्पष्ट होते. १२६२ मध्ये बातूचा भाऊ बर्के व इराणचा मंगोल शासक हुलागू यांच्यात कॉकेशसच्या प्रदेशावरून युद्ध पेटले. जोचीच्या वंशजांचे लक्ष व सैन्य यापुढे दक्षिणेकडे वळले. एकसंध साम्राज्य उरले नव्हते.

सुवर्ण टोळीचे शासन : बातूने व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात सराय ही राजधानी वसविली. त्याच्या राज्यास पुढे सुवर्ण टोळी ऊर्फ गोल्डन होर्ड हे नाव रूढ झाले. यूरोपमध्ये मंगोलांनी दीर्घकाळ राज्य केल्यास काय होते, याचे उत्तर या राज्याच्या इतिहासात मिळते.

दक्षिणेकडील गवताळ प्रदेशावर टोळीचे प्रत्यक्ष शासन होते. उत्तरेकडील अरण्यमय रशियात मात्र मंगोलांनी वस्ती केली नाही. तेथील राजांना त्यांनी कायम ठेवले. परंतु प्रत्येकाने सरायला जाऊन खानाची यार्लिक नामक सनद मिळवावी, अशी सक्ती केली. व्लादिमिरचा यारोस्लाव्ह याला १२४३ मध्ये अशी सनद मिळाली. चेर्निगोव्हच्या मिखाइलने मंगोल विधी पाळण्याचे नाकारले, तेव्हा १२४६ मध्ये त्याचा वध करण्यात आला. बास्काक नावाचे अधिकारी खंडणी व सैनिकभरती यांवर देखरेख ठेवीत. करआकारणीसाठी शिरगणती करण्यात आली. १२५७ मध्ये नॉव्हगोरॉडच्या नागरिकांनी तिला विरोध केला, तेव्हा त्यांचाच राजा अलेक्झांडर नेव्हस्की याने मंगोलांच्या वतीने तो मोडून काढला व १२५९ मध्ये गणती पुरी झाली. कर गोळा करण्याचा मक्ता घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या जुलमामुळे १२६२ मध्ये रोस्तोव्ह, सुझदाल इ. शहरांत उठाव झाले.

धर्माच्या बाबतीत खान सामान्यतः सहिष्णू होते. १२६१ मध्ये सरायमध्येच ऑर्थोडॉक्स धर्मपीठ स्थापन झाले आणि मेंगू-तैमूरने १२६७ मध्ये रशियन चर्चला करमाफी दिली. या सवलतीच्या बदल्यात धर्मगुरूंनी खानासाठी प्रार्थना करावी, अशी अपेक्षा होती. बर्केने इस्लाम स्वीकारला व उझबेगखानाच्या कारकीर्दीत (१३१३–४१) तो राजधर्म झाला. या सुमारास सरायला भेट देणाऱ्या इब्न बतूता याने तेथे मंगोल, किपचाक, रशियन, चेर्केस व ग्रीक लोकांच्या स्वतंत्र वस्त्या पाहिल्या. क्रिमियातील काफा या बंदरातून जेनोआच्या व्यापाऱ्यांमार्फत लोकर, धान्य, कातडी व गुलाम भूमध्य समुद्राकडे जात. ईजिप्तच्या मामलुक सैन्यातील अनेक किपचाक सैनिक गुलाम म्हणूनच तेथे पोचले होते; त्यांपैकी एक असलेला बैबर्स पुढे ईजिप्तचा सुलतान झाला व बर्केचा मित्र बनला.

जिंकणारे मूळ मंगोल संख्येने थोडे होते. काही पिढ्यांतच ते बहुसंख्य किपचाक तुर्कांत मिसळून गेले व त्यांची भाषा तुर्की झाली. चौदाव्या शतकातील अल्-उमरी या अरब लेखकाने ही प्रक्रिया नेमकी टिपली आहे. जिंकलेल्या भूमीने जेत्यांचा स्वभाव बदलून टाकला आणि ते किपचाकांसारखेच दिसू लागले, असा त्याच्या निवेदनाचा आशय आहे.

न घडलेला इतिहास : ई. एच. कार यांच्यासारख्या इतिहासकारांनी ‘असे झाले असते तर’ या प्रकारच्या चर्चेस दिवाणखान्यातील खेळ मानले. याउलट, एखाद्या घटनेला आपण कारण म्हणतो, तेव्हा ती घडली नसती तर परिणाम वेगळा झाला असता, हेच आपण सुचवीत असतो. त्यामुळे असा विचार टाळता येत नाही, असेही प्रतिपादन करण्यात येते. या चर्चेला शिस्त हवी असेल, तर बदल एकच व संभाव्य असावा आणि त्याचे परिणाम ठरविताना तत्सम प्रत्यक्ष घटनांचा आधार घ्यावा. येथे असा एकच बदल गृहीत धरता येईल : ओगोताई आणखी दहा-बारा वर्षे जगला, घराण्यातील कलह लांबला आणि बातूचे सैन्य १२४२ नंतरही डॅन्यूबकाठी राहिले.

(१) हंगेरी : कार्पेथियन पर्वतरांगांनी वेढलेले हंगेरीचे मैदान हे यूरेशियाच्या गवताळ पट्ट्याचे पश्चिम टोक होय. पाचव्या शतकात हूण, सहाव्या शतकात आवार व नवव्या शतकाच्या अखेरीस मॉग्यार हे लोक याच मार्गाने तेथे आले. मंगोलांना तेथे तळ ठोकता आला असता, यात शंका नाही. १२४१–४२ मध्ये त्यांनी तसा प्रारंभही केला होता. या स्वारीतून वाचलेला रॉजेरिअस हा धर्मगुरू सांगतो, की मंगोलांनी हाती लागलेली राजमुद्रा वापरून शेतकऱ्यांनी घरी परतावे अशी पत्रे धाडली व गावोगाव अधिकारी नेमले. लोक विश्वासाने परतले व त्यांनी सुगी उरकली. त्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांची कत्तल झाली. या वृत्तांतातून शासनाची व संहाराची अशा दोन्ही शक्यता दिसतात. सैन्य कायम राहणार असते, तर शेतकऱ्यास जिवंत ठेवणे त्याच्याच हिताचे ठरले असते. रशियाप्रमाणे येथेही मैदानात छावण्या, डोंगराळ व पश्चिमेकडील भागांत सनद घेतलेला मांडलिक राजा, चर्चला करमाफी आणि शिरगणतीवर आधारलेली खंडणी अशी व्यवस्था निर्माण झाली असती, असे अनुमान करता येते. बेलाच्या किल्ल्यांना व नव्या शहरांना परवानगी मिळाली नसती. चौदाव्या शतकात यूरोपच्या नाण्यांना सोने पुरविणाऱ्या हंगेरीच्या खाणींचे उत्पन्न सरायकडे वळले असते.

(२) पोलंड व बोहिमिया : या अरण्यमय, शेतीप्रधान प्रदेशांची स्थिती कशी झाली असती, हे शेजारच्या गॅलिशिया-व्होलिनिया राज्यावरून कळते. तेथील राजा दानिलो याने बातूपुढे जाऊन मांडलिकत्व पतकरले. पुढे १२५३ मध्ये पोपकडून मुकुट मिळवून त्याने स्वतंत्र होण्याचा प्रयत्न केला. परंतु पश्चिमेकडून मदत आली नाही आणि १२५९ मध्ये मंगोल सेनापती बुरुंदाई याच्या हुकमावरून त्या राज्याला आपल्याच शहरांची तटबंदी पाडावी लागली. बातूचे सैन्य हंगेरीत असते, तर क्रॅको येथेही हाच प्रसंग ओढवला असता.

(३) पश्चिम यूरोप : अटलांटिकपर्यंत मंगोल पोचले असते, या कल्पनेस मात्र आधार अपुरा आहे. दगडी तट मंगोलांना अजिंक्य होते असे नाही. दक्षिण चीनमधील शियांगयांग हे शहर त्यांनी पाच वर्षांच्या वेढ्यानंतर १२७३ मध्ये घेतले. परंतु सुंग राज्य जिंकण्यास १२७९ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी उत्तर चीनमधील पायदळ, कारागीर, आरमार व महसूल हाताशी होते. हंगेरीत असलेल्या बातूपाशी असे मागचे बळ नव्हते. जर्मनी व फ्रान्समध्ये विस्तीर्ण कुरणे नव्हती आणि कोसाकोसावर किल्ले होते. तेथे वारंवार लूट, सीमेवरील ड्यूकांकडून खंडणी आणि परस्परांविरुद्ध मंगोलांची मदत घेणारे राजे, एवढेच चित्र संभवते. १२४१ मधील ऑस्ट्रियाच्या ड्यूकचे वर्तन पाहता असे राजे मिळण्यास अडचण पडली नसती.

(४) धर्म व संस्कृती : मंगोल टिकते, तर यूरोपमधील विद्यापीठे व प्रबोधन यांचा अंकुरच खुडला गेला असता, असे विधान अनेकदा केले जाते. ते सरसकट मान्य करता येत नाही. खंडणी देणारे नॉव्हगोरॉड आपला हॅन्सिॲटिक व्यापार, नागरी सभा आणि भूर्जपत्रांवरील साक्षरता राखून होते. इटलीतील व्यापारी शहरांना तर मंगोल राजवटीतील मार्गांचा लाभच झाला. परंतु जुने रियाझान ज्या जागी जळाले, त्या जागी ते पुन्हा उभे राहिले नाही. मीनाकारीसारख्या रशियन कलांची परंपरा खंडित झाली व दगडी बांधकाम दीर्घकाळ मंदावले. खंडणी देऊन वाचलेले शहर व प्रतिकार करून बेचिराख झालेले शहर यांचे भवितव्य भिन्न होते. हंगेरीचे नुकसान प्रत्यक्षातही भयंकर होते. तेथील लोकसंख्येच्या किमान सातव्या हिश्शाचा एका वर्षात नाश झाला, असे सावध अंदाजही सांगतात. काहींच्या मते हे प्रमाण याहून कितीतरी अधिक होते.

सत्ताधाऱ्यांचा धर्म कोणता झाला असता, हे ठरविताना व्होल्गाचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. सराय ज्यांच्याशी व्यापार व संस्कृती यांनी जोडलेले होते, ते व्होल्गाचे बल्गार दहाव्या शतकापासून मुसलमान होते आणि ख्वारिज्मही मुसलमान होते. टोळीने त्यांचाच धर्म घेतला. डॅन्यूबकाठी सभोवार लॅटिन चर्च होते. हंगेरीत परतलेले कुमान काही पिढ्यांत ख्रिस्ती झाले. त्यापूर्वी मॉग्यारांचा राजा स्टीफन याने सु. १००० मध्ये ख्रिस्ती राजमुकुट धारण केला होता. यावरून, डॅन्यूबचे मंगोल शंभर वर्षांत ख्रिस्ती व मॉग्यारभाषक झाले असते, ही शक्यता सर्वांत बळकट वाटते.

(५) कालमर्यादा : १३४६–४७ मध्ये गाठीच्या प्लेगची साथ टोळीच्या प्रदेशातून काफामार्गे यूरोपभर पसरली. १३५९ नंतर सरायमध्ये वारसायुद्धे माजून दोन दशकांत वीसहून अधिक खान गादीवर आले. याच सुमारास मॉल्डेव्हियाचे राज्य उदयास आले व १३६२ च्या विजयानंतर लिथ्युएनियाने कीव्हचा प्रदेश घेतला. सरायपासून दूरच्या पश्चिम सीमेवरील सत्ता प्रथम ढासळली. हंगेरीतील मंगोल शासनही, वेगळे राज्य बनून स्थानिक झाले नसते तर, याच काळात संपले असते. कल्पित मंगोल हंगेरीचे आयुष्य म्हणून सु. एक शतक धरणे योग्य होईल.

सत्तेचा अस्त व वारसा : १३२७ मध्ये त्वेर शहराने खानाच्या प्रतिनिधीविरुद्ध उठाव केला. तो चिरडण्यासाठी मॉस्कोचा राजा इव्हान कलिता मंगोल सैन्यासह चालून गेला व बक्षीस म्हणून त्यास श्रेष्ठ राजाची सनद आणि खंडणी गोळा करण्याचा अधिकार मिळाला. खानाचा वसुलीदार म्हणून वाढलेल्या मॉस्कोनेच पुढे खानाला आव्हान दिले. दिमित्री दोन्स्कॉई याने १३८० मध्ये कुलिकोव्हो येथे ममाई या सेनानायकाचा पराभव केला; परंतु दोनच वर्षांनी तोख्तामिशने मॉस्को जाळले. १३९५ मध्ये तैमूरलंगाने सराय उद्ध्वस्त केले. १४८० मध्ये तिसरा इव्हान व अहमदखान यांची सैन्ये उग्रा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी राहिली आणि मोठी लढाई न होताच खान परतला. ही घटना रशियावरील मंगोल वर्चस्वाची अखेर मानली जाते. १५०२ मध्ये क्रिमियाच्या खानाने टोळीचा उरलासुरला भाग संपविला. कझान (१५५२) व ॲस्ट्राखान (१५५६) ही राज्ये रशियाने जिंकली. क्रिमियाचे राज्य १७८३ पर्यंत टिकले.

रशियन भाषेतील पैसा, जकात, टपालाचा टप्पा इ. अर्थांचे अनेक शब्द या काळाची आठवण देतात. सरकारी तिजोरीस असलेला ‘कझना’ हा रशियन शब्द व मराठीतील ‘खजिना’ यांचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. एक तुर्कीमार्फत व्होल्गाकाठी पोचला, दुसरा फार्सीमार्फत दक्षिणेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन व्होल्गामार्गे निघाला. ॲस्ट्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. तरी तो पुढे इराणमार्गे कोकणातील चौल बंदरात उतरला व जुन्नर, बीदर येथे राहिला. त्याच्या प्रवासवृत्तात रशियन मजकुरामध्येच तुर्की, फार्सी व अरबी वाक्ये येतात. टोळीने जोडलेल्या जगाचा तो वारस होता आणि तिच्या लुटारूपणाचा बळीही होता.

सतराव्या शतकात व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात कॅल्मक हे मंगोलभाषक बौद्ध लोक येऊन स्थायिक झाले. १९४३ मध्ये त्यांना सायबीरियात हद्दपार करण्यात आले. १९५७ पासून ते आपल्या भूमीत परतू लागले. पोलंड व लिथ्युएनिया येथील तातार मुसलमानांच्या लहान वस्त्याही मध्ययुगापासून टिकून आहेत.

मूल्यमापन : एका सम्राटाच्या मृत्यूमुळे यूरोप वाचला, हे मत आकर्षक असले, तरी ते पुरेसे नाही. ओगोताईचा मृत्यू मोहीम थांबण्याचे एक कारण होऊ शकतो. तथापि मंगोल राज्याच्या मर्यादा कुरणे, अंतर, मागचे बळ आणि घराण्यातील एकी यांनी ठरविल्या. जेथे कुरणे होती तेथे ते राहिले. जेथे अरण्य व शेती होती तेथे त्यांनी स्थानिक राजामार्फत खंडणी घेतली. जेथे दोन्ही अवघड होते तेथे ते लूट करून परतले. मंगोल हंगेरीत राहिले असते, तरी हा क्रम बदलला असता असे दिसत नाही. बदलली असती ती सीमारेषा : खंडणी देणारे यूरोप व न देणारे यूरोप यांच्यामधील रेषा नीपर व कार्पेथियन पर्वतांऐवजी डॅन्यूब व ओडर या नद्यांपर्यंत सरकली असती. ‘यूरोप वाचला’ या विधानात कीव्ह, रियाझान व त्वेर यांना यूरोपमधून वगळले जाते. त्या शहरांतील लोकांच्या दृष्टीने मंगोल सत्ता हा कल्पनेचा विषय नव्हता. सात-आठ पिढ्यांनी तिची खंडणी भरली, तिच्याशी जुळवून घेतले व तिच्याविरुद्ध बंडही केले. न घडलेल्या इतिहासाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा त्यांच्या घडलेल्या इतिहासातच आहे.